मामा, लाईट कधी येणार?

सभागृहातले दिवे मंदावत मंदावत शेवटी विझले आणि माझ्या मांडीवरून सव्वातीन वर्षांचा एक खणखणीत आवाज आला, "मामा, लाईट गेली!"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मी त्याच्या कानाशी लागून म्हणालो, "गेली नाही रे, घालवलीय. मुद्दाम."

तो विचारात पडला. "कुणी?"

आणि थोड्या वेळाने, "कधी येणार?"

बाकी सगळ्याची तयारी मी करून गेलो होतो. या दोन प्रश्नांची तेवढी राहिली होती.

ही ताईची पोरं. भाची साडेपाचची, भाचा सव्वातीनचा. इथे त्यांना थोरली आणि धाकटा म्हणतो, कारण नावं लिहिली तर ताई मला सोडायची नाही. तोवर दोघांनीही सिनेमा म्हणून जे काही पाहिलं होतं ते घरच्या टीव्हीवर, तेही मधूनमधून उठून, पाणी पिऊन, भांडून. मोठ्या पडद्यावर पहिला सिनेमा दाखवायचा मान मामाला मिळावा, असं मीच बोलून बसलो. ताईने विचारलं, "दोघं झेपतील का तुला एकट्याला?" मी म्हणालो, "अगं, खुर्चीत बसून तर राहायचंय!"

मुलं सांभाळायचा माझा एकूण अनुभव असा, की दोन तास धमाल करायची आणि भोकाड सुरू झालं की पोर आईच्या हवाली करायचं. मामा म्हणून माझी जी काही प्रतिष्ठा आहे ती याच पद्धतीवर उभी आहे.

ताईने पिशवी भरून दिली. दोघांचे स्वेटर, एक जास्तीची चड्डी, पाण्याची बाटली, ओले रुमाल, कान झाकायचे दोन लहान हेडफोन (गाणी ऐकायचे नव्हेत, आवाज अडवायचे) आणि सगळ्यात वर धाकट्याचं दुपटं. त्या दुपट्याचा मूळ रंग आता कुणालाच आठवत नाही. झोपताना त्याचं एक टोक त्याला गालाशी लागतं. मी ते दारातच पिशवीतून काढून कपाटावर ठेवलं. सिनेमाला कसलं दुपटं? हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हेडफोनही मी काढणार होतो, पण ताई बघत होती. नंतर जरा वाचलं तेव्हा कळलं की तिचंच बरोबर होतं. सिनेमाघरातली यंत्रणा लावताना पडद्यामागच्या एकेका मुख्य स्पीकरची पातळी 85 डेसिबलला जुळवतात आणि अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजांसाठी त्याच्यावर आणखी 20 डेसिबल जागा ठेवतात. म्हणजे पूर्ण आवाजात खेळ चालवला तर एखादा स्फोट क्षणभर 105 पर्यंत जाऊ शकतो. बरेच ठिकाणी आवाज त्याहून कमी ठेवतात हे खरं, पण तो ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडीवर बसलेला प्राणी नसतो. कारखान्यातल्या मोठ्या माणसांसाठी सुद्धा 85 डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा, असा एक हिशोब सांगितला जातो. बाजूच्या भिंतीवरच्या स्पीकरला खेटून बसू नये, मधल्या भागात जरा मागे बसावं, एवढं मात्र मला आधीपासून ठाऊक होतं. तशीच तिकिटं काढली होती. सकाळचा पहिला खेळ घेतला, कारण दुपारी धाकट्याची झोप असते आणि झोप चुकलेला धाकटा हा वेगळाच इसम असतो. आणि साधा सिनेमा, थ्रीडी नाही. तो चष्मा एवढ्याशा नाकावर टिकत नाही.

आम्ही वीस मिनिटं आधीच पोचलो. पूर्ण दिवसातली माझी सगळ्यात चांगली कल्पना हीच. सभागृह रिकामं होतं, दिवे लख्ख होते, आणि मी दोघांना घेऊन सरळ पडद्यापाशी गेलो. थोरलीने मान वर, आणखी वर केली आणि मागे तोल जाऊन खाली बसली. धाकटा मात्र पडद्याच्या अगदी जवळ जाऊन, नाक लावायचंच बाकी ठेवून, बघत राहिला. मग ओरडला, "मामा, फाटलंय!"

मीही वाकून बघितलं. इतकी वर्षं सिनेमे बघतोय, पण पडदा हातभर अंतरावरून कधी पाहिला नव्हता. फाटला नव्हता, पण त्याला भोकं होती. मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, एका मापाची, ओळीने, वरपासून खालपर्यंत, हजारो, चाळणीसारखी. बोलण्याचे स्पीकर पडद्याच्या मागे असतात आणि आवाज पुढे यायला वाट हवी म्हणून पडद्याला ही भोकं पाडतात. म्हणून तर पात्राच्या तोंडून आवाज आल्यासारखा वाटतो. लांबून ती दिसत नाहीत. मी हे सगळं धाकट्याला समजावलं. त्याने त्यातलं स्वतःला हवं तेवढं घेतलं. "आत कोणेय?" भोकाला तोंड लावून त्याने आतल्याला हाक मारली. उत्तर आलं नाही. मग आम्ही जागेवर गेलो.

आता खुर्ची. आपण बसलो की सिनेमाघरातली खुर्ची आपल्या वजनाने खाली राहते, हे मी गृहीतच धरलं होतं. तिला किती वजन लागतं याचा विचार पंधरा किलोचं पोर बसवेपर्यंत करायची वेळ येत नाही. मी त्याला ठेवला, हात काढला, आणि बैठक शांतपणे वर उचलली गेली. गुडघे कपाळाला, पाय छताकडे, मधे धाकटा. तो रडला नाही. त्याला वाटलं खुर्ची अशीच असते. थोरली हसून हसून खाली पडायची राहिली आणि मग तिला पण तसंच मिटून घ्यायचं होतं, पण ती दीड पट जड असल्यामुळे तिची खुर्ची काही मिटेना. त्यावरून रुसवा. पिशवी बैठकीच्या पुढच्या टोकाला ठेवून वजन देऊन पाहिलं, पाठीला स्वेटरांची गुंडाळी देऊन पाहिली. शेवटी तो मांडीवर आला आणि उरलेला वेळ बहुतांशी तिथेच राहिला.

सिनेमा 1 तास 32 मिनिटांचा होता. हा आकडा मी घरी ताईला मोठ्या विश्वासाने सांगितला होता. तो निव्वळ सिनेमाचा. त्याच्या आधी जाहिराती, मग दुसऱ्या सिनेमांचे ट्रेलर. लहान मुलांच्या सिनेमाआधी लावलेले ट्रेलर लहान मुलांचेच असतील असं मला का वाटलं होतं, देव जाणे. दोन मिनिटांत जेवढा म्हणून दणदणाट कोंबता येईल तेवढा कोंबलेला असतो. दुसऱ्या ट्रेलरला धाकटा म्हणाला, "संपला?" मी म्हणालो, "अजून सुरू नाही झाला." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात विश्वासघात होता.

28 डिसेंबर 1895 ला पॅरिसमधल्या एका कॅफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला, तेव्हा त्यात दहा फिती होत्या आणि एकेक फीत मिनिटभराचीही नव्हती. सगळ्या मिळून दहा मिनिटं भरत नाहीत. सिनेमा म्हणजे काय हे माहीत नसलेल्या दाढीमिशीवाल्या माणसांना पहिल्या दिवशी एवढंच दाखवलं होतं. आणि आम्ही तीन वर्षांच्या पोराला ट्रेलरसकट दोन तासांच्या आसपास बसवतो, वर तो चुळबुळ करतो म्हणून "श्शऽऽ" करतो. त्या दहातल्या एका फितीत आई-बाबा बाळाला भरवताहेत. असं सांगतात की बघणाऱ्यांपैकी काहींचं लक्ष बाळाकडे नव्हतंच, मागे वाऱ्याने हलणाऱ्या पानांनी त्यांना वेड लावलं. पहिल्यांदा बघणारा माणूस काय बघेल ते दाखवणाऱ्याच्या हातात नसतं. धाकट्याने पहिली दहा मिनिटं पडद्याकडे पाठ करून, माझ्या खांद्यावरून, मागच्या भिंतीतल्या छोट्या काचेतून येणारा उजेडाचा झोत पाहिला. त्यात धूळ तरंगत होती. "मामा, ते उडतंय." मधूनच झोत निळा होई, मधूनच पिवळा. मी दोनदा त्याचं डोकं धरून पडद्याकडे वळवलं. तिसऱ्यांदा नाद सोडला.

पण त्याआधी ट्रेलर चालू असताना दोघांना शू लागली. बाहेर गेलो. अंधाराला घाबरतील, आवाजाला घाबरतील, म्हणून मी आठवडाभर घरी दिवे घालवून सिनेमा-सिनेमा खेळलो होतो. घाबरली कशाला? हात वाळवायच्या मशीनला. शेजारच्या माणसाने हात खाली धरले, ते यंत्र गरजलं, आणि एकाच वेळी दोन्ही पोरं माझ्या पायांना एकेकीकडून चिकटली. धाकट्याच्या डोक्याच्या बरोब्बर उंचीवर लावलेलं होतं ते. हेडफोन खुर्चीवर होते.

परत आत आलो तर मला काही दिसेना. लख्ख उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. आपण अंदाजाने पायऱ्या चढतो कारण पायऱ्या कशा असतात ते आपल्या पायांना पाठ आहे. धाकट्याच्या पायांना नाही. एक कडेवर, एक हाताला, पिशवी दातात धरायची बाकी. रांग चुकली. एका बाईंच्या पायावर उभा राहिलो. त्या काही बोलल्या नाहीत, उलट थोरलीला हात दिला. त्यांच्याही बाजूला एक पोर खुर्चीत मिटून बसलं होतं.

सिनेमा एका कासवाच्या पिल्लाचा. वादळात त्याची आई हरवते आणि ते तिला शोधत निघतं. मध्ये त्याला एक ऑक्टोपस भेटतो, गोड, निळा, बोबडं बोलणारा. धाकट्याने झोत सोडून पडद्याकडे पाहायला सुरुवात केली ती या ऑक्टोपसमुळे. त्याचे हात मोजायचा प्रयत्न केला. सगळं छान चाललं होतं. मी मनातल्या मनात ताईला फोन लावून "बघ, म्हटलं नव्हतं?" असं म्हणूनही टाकलं.

मग एक दुष्ट मासा पिल्लावर चालून येतो आणि ऑक्टोपस चिडतो. चिडतो म्हणजे फुगतो, निळ्याचा लालभडक होतो, डोळे पडद्याभर होतात. मोठी माणसं हसली, टाळ्या पडल्या, कारण आता माशाची खैर नाही हे उघड होतं. धाकट्याने माझ्या शर्टाची बटणं मुठीत धरली आणि असा काही टाहो फोडला की पडद्यावरचा मासाही थबकल्यासारखा वाटला.

मी तेच म्हणालो जे सगळे म्हणतात. "अरे, ते खरं नसतं. खोटं-खोटं असतं ते."

काही उपयोग नाही. तो शर्टातच बोलत होता, "आता तो तसाच राहणार? तसाच राहणार?"

"नाही रे राजा, खोटं आहे सगळं."

एवढ्यात दुसऱ्या बाजूने थोरली. तिचे डोळे आधीच भरलेले होते, पण वेगळ्याच कारणाने, पिल्लाच्या आईसाठी. ती म्हणाली, "मामा, मग आई हरवली ते पण खोटं?"

"हो गं."

"मग मी रडतेय ते?"

मी उठलो. उत्तर द्यायचं टाळायला उठलो म्हटलं तरी चालेल. धाकट्याला कडेवर घेतलं, आणि मग लक्षात आलं की थोरलीला एकटीला ठेवून जाता येणार नाही. ताईने "दोघं झेपतील का" विचारलं होतं ते याच क्षणासाठी. एकाला बाहेर न्यायचं तर दोघांना न्यायचं. ज्याला बघायचं नाही तो रडतोय, जिला बघायचंय ती रडतेय, आणि पिशवी खुर्चीखाली. माझं आता स्पष्ट मत आहे: पहिल्या वेळी जितकी लहान मुलं तितकी मोठी माणसं. दुसरा माणूस सिनेमा बघायला नको, दाराशी उभं राहायला हवा.

बाहेरच्या बोळात गालिच्यावर बसलो तिघंही. धाकट्याने मागितलं काय? दुपटं. ते कपाटावर. मी माझा रुमाल दिला, त्याने तो हुंगून परत केला. शेवटी स्वेटरची बाही गालाला लावून बसला. पाणी प्यायला. हुंदके लांब लांब व्हायला लागले.

"तसाच राहणार तो?" पुन्हा.

खोटं-खोटं म्हणून भागलं नव्हतं, तेव्हा मी थकून जे खरं होतं ते सांगितलं. "नाही. तो चिडलाय. मासा पिल्लाला खायला आला ना, म्हणून चिडला. राग गेला की परत निळा होतो."

तो थांबला. "गेला का राग?"

"बघू या का दारातून?"

आतल्या बाजूला दारापासून सभागृहापर्यंत एक छोटी वळणाची वाट होती. तिथे उभं राहिलं की पडद्याचा एक तुकडाच दिसतो, आवाजही भिंतीआडून दबून येतो. मी त्याला कडेवर घेऊन डोकावलो. एक टोक दिसत होतं पडद्याचं, आणि त्या टोकात ऑक्टोपसचे दोन-तीन हात. निळे.

"गेला राग," त्याने जाहीर केलं. पुन्हा मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.

दारावरच्या टॉर्चवाल्या काकांनी वाटेत थांबू नका म्हणून सांगितलं आणि शेवटच्या रांगेतल्या कडेच्या दोन रिकाम्या खुर्च्या दाखवल्या. तिथून पडदा लहान दिसत होता, घरच्या टीव्हीच्या जरा थोरल्या भावासारखा. राहिलेला सिनेमा आम्ही तिथूनच पाहिला. पिशवी आणायला शेवटी गेलो.

रात्री अपराधी वाटून मी वाचत बसलो. कळलं ते असं. 1990 मध्ये जॉन फ्लॅवेल या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना टीव्हीवर लाह्यांनी भरलेलं भांडं दाखवून विचारलं, की टीव्ही उलटा केला तर लाह्या सांडतील का? तीन वर्षांची बरीच मुलं म्हणाली, सांडतील. चार वर्षांच्या मुलांना कळत होतं की नाही सांडणार. म्हणजे मी ज्याला "खोटं असतं" सांगत होतो तो अजून लाह्या सांडतात त्या बाजूचा होता. त्याआधी 1986 मध्ये स्पार्क्स आणि कँटर या दोन संशोधकांनी एका टीव्ही मालिकेवर अभ्यास केला. त्यातला साधासरळ माणूस चिडला की हिरवा राक्षसी देह धारण करतो आणि लोकांना वाचवतो. थोड्या मोठ्या मुलांना त्याचं रूप बदललं की हायसं वाटे, आता हा वाचवणार म्हणून. तीन ते पाच वर्षांची मुलं नेमकी तिथेच सगळ्यात जास्त घाबरत. तो कुणाच्या बाजूचा आहे यापेक्षा तो दिसतो कसा, हेच त्या वयात मोठं असतं. कँटरबाईंनी पुढे मुलांच्या भीतीवर बरंच काम केलं, आणि त्यांच्या कामातून निघतं ते असं, की एवढ्या लहान मुलांना समजावून फारसा फरक पडत नाही. जवळ धरणं, काहीतरी खायला-प्यायला देणं, सवयीचं पांघरूण किंवा खेळणं हातात देणं, याने पडतो.

पांघरूण. मी कपाटाकडे बघितलं नाही.

थोरलीचा प्रश्न मात्र कुठल्याच अभ्यासात सापडला नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "तू रडलीस ते खरं होतं." ती चित्र काढत होती. "मला माहितीय," म्हणाली. मान वर केली नाही.

आता ताई सगळ्यांना सांगते की पोरं मामाबरोबर सिनेमाला गेली होती. कुणी विचारलं की धाकटा सांगतो: खुर्चीने मला खाल्लं, पडद्यात भोकं होती, आणि लाईट गेली होती पण नंतर आली. कासवाचा उल्लेख नाही.

कासव थोरलीकडे आहे. आम्ही बाहेर बोळात बसलो होतो ती मधली दहा-अकरा मिनिटं तिघांनीही पाहिलेली नाहीत. दुष्ट माशाचं पुढे काय झालं आणि पिल्लाला आईचा पत्ता कसा लागला, हे सगळं त्यातच होतं. मी ती नंतर शोधून पाहू शकलो असतो. पण थोरलीने ती भरून काढली आहेत, आणि दर वेळी वेगळी. कालच्या गोष्टीत कासवाची आई वादळात हरवलीच नव्हती. तिला हात वाळवायच्या मशीनने पकडून ठेवलं होतं.